सोंग घेणाऱ्या गाठी

परळच्या टाटा रुग्णालयाच्या फाटकापाशी सकाळी जरा वेळ उभे राहिले, तर आत जाणाऱ्या बहुतेकांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिसते. पिशवीत गावाकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, क्ष-किरणांची चित्रे, पावत्या असतात. आणि पुष्कळदा कापसात गुंडाळलेली एक छोटी डबी असते. डबीत मेणाचा एक ठोकळा, बोटाच्या पेराएवढा, आणि दोन-तीन काचपट्ट्या. नांदेड, कणकवली, अकोला किंवा त्याहून कितीतरी दूरच्या गावी तुकडा काढून तपासलेला असतो. त्या तपासणीचे निदान कागदावर लिहिलेलेही असते. तरी इथे सांगतात, "ब्लॉक आणि स्लाइड दाखवा." म्हणजे कागदावर काय लिहिले आहे ते नंतर पाहू, आधी मूळ पुरावा बघू द्या.

शिवाजी पार्कहून हे ठिकाण फार दूर नाही. टिळक पूल ओलांडून, खोदादाद सर्कलवरून हिंदमाता गाठले की परळ आलेच. रमतगमत गेले तरी तासाभराची वाट. वाटेत दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा लागते. तिथे उतरलेली माणसेही अशीच पिशवी सांभाळत असतात. एकच गाठ पुन्हा का तपासायची, पहिल्यांदा तपासणारा चुकला होता का, असा प्रश्न त्यांच्यापैकी अनेकांना पडतो. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते.

त्याआधी एक घरची गोष्ट सांगतो. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आमच्या ओळखीचे एक ड्रॉइंगचे मास्तर राहत. १९८० च्या दशकात त्यांच्या मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, ताप नव्हता. एका डॉक्टरांनी बोटांनी चाचपून सांगितले, "गंडमाळ आहे, क्षयाची गाठ." मुंबईत क्षय इतका की हा अंदाज दहांपैकी अनेक वेळा बरोबरच ठरावा. मास्तरांनी पाच महिने इमानाने गोळ्या-इंजेक्शने घेतली. गाठ तसूभरही हलली नाही. शेवटी ती काढून तपासली, तेव्हा निघाला अवटू ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा कर्करोग; आणि मूळ ग्रंथी हाताला अगदी निर्दोष लागत होती! मास्तरांचे नशीब असे की हा कर्करोग फार सावकाश वाढणारा होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोत्सारी आयोडीन दिले गेले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते संध्याकाळी पार्काच्या कठड्यावर बसून मुलांचे क्रिकेट बघत. गाठ जास्त उतावळ्या स्वभावाची असती, तर ते पाच महिने महागात पडले असते.

या विशिष्ट सोंगाचा इतिहास मोठा मजेदार आहे. मानेच्या बाजूला थायरॉइडसारख्या ऊतीची गाठ सापडली, की गर्भावस्थेत वाट चुकून तिथे राहिलेला तो ग्रंथीचा तुकडा असावा, असे सर्जन मंडळी अनेक दशके मानत होती. त्याला 'बाजूला भरकटलेली थायरॉइड' असे नावही होते. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती इतकी शांत आणि नीटनेटकी दिसे, की तिला कर्करोग म्हणायला कुणाचे मन धजत नसे. १९४० च्या दशकात संपूर्ण ग्रंथीचे बारीक काप काढून पाहण्यात आले, आणि त्याच बाजूच्या ग्रंथीत दाण्याएवढा मूळ कर्करोग पुन:पुन्हा सापडू लागला. भरकटलेली वगैरे काही नव्हती. ती मानेच्या लसिकाग्रंथीत पसरलेली वसाहत होती.

आता मेणाच्या ठोकळ्याकडे वळू. शाळेत आपण कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी करतो. पापुद्रा मुळातच एका पेशीइतका पातळ असल्यामुळे ते सोपे जाते. गालातून किंवा टाळूतून काढलेला तुकडा तसा पातळ नसतो. म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून स्थिर करतात, त्यातले पाणी अल्कोहोलने काढून घेतात आणि त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरतात. थंड झाल्यावर झालेला ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर कापतात. एक काप साधारण चार मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या जाडीत असे अडीचशे काप बसावेत. या कापाला रंग नसतो, म्हणून तो दोन रंगांत बुडवायचा. हेमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग केंद्रकाला निळा-जांभळा करतो. इओसिन हा प्रयोगशाळेत बनवलेला रंग पेशीद्रव गुलाबी करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसलेली ही जोडी आजही जगातल्या प्रत्येक विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत पहिल्या क्रमांकाने वापरली जाते. निळ्या आणि गुलाबी छटांमधून 'ही पेशी कुणाची, आणि तिचे वागणे कसे' हे ओळखायचे, एवढीच त्या माणसाची सामग्री. गाठी आपल्या नावाची पाटी लावून येत नाहीत.

आणि फसगत फक्त नवशिक्यांचीच होते असेही नाही. १८८७ च्या आरंभी जर्मनीचा युवराज फ्रीडरिश विल्हेल्म याचा आवाज बसला. स्वरतंतूवर एक लहानसा उंचवटा दिसला. बर्लिनच्या डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि त्यांनी गळा उघडून तो काढण्याची तयारी केली. लंडनहून मॉरेल मॅकेन्झी या घशाच्या नामवंत तज्ज्ञाला बोलावण्यात आले. त्याने सांगितले, आधी तुकडा तपासा. त्याने चिमट्याने काढलेला तुकडा गेला रुडॉल्फ विर्खोकडे. प्रत्येक पेशी पेशीपासूनच जन्मते, हे ज्याचे वाक्य आपण नववीच्या वर्गात शिकवतो तोच हा विर्खो. विकृतिशास्त्राचा तर तो पितामहच. विर्खोला कर्करोग दिसला नाही. जाड झालेले, चामखिळीसारखे आवरण दिसले. त्याने अहवालात सावधपणे असेही लिहिले होते की मिळालेल्या तुकड्यांवरून उरलेल्या भागाची खात्री देता येत नाही. पण राजवाड्यात असली शेवटची वाक्ये कोण वाचतो? शस्त्रक्रिया रद्द झाली. नोव्हेंबरपर्यंत गाठीने खरे रूप दाखवले. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले, मार्चमध्ये युवराज सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला वारला. शवविच्छेदनात स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. त्याच्या मागून गादीवर आला दुसरा विल्हेल्म. युरोपचा पुढचा इतिहास वेगळा झाला असता का, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. तो आपला विषय नाही.

आपला विषय असा, की विर्खो चुकला का? त्याने जे पाहिले ते बहुधा बरोबरच पाहिले. कर्करोगाचा एक प्रकार असा असतो की त्याचा वरचा थर चामखिळीसारखा, खडबडीत पांढरा आणि पेशींच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी असतो. त्याचे आक्रमण खालच्या काठावर, रुंद बोथट बोटांनी ढकलल्यासारखे चालते. वरवरचा तुकडा घेतला, तर जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला त्यात कर्करोग दिसणार नाही. १९४८ मध्ये लॉरेन अ‍ॅकरमन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने तोंडातल्या अशा गाठींचे वर्णन करून 'व्हेरुकस कार्सिनोमा' हे नाव रूढ केले. त्या पाहणीतले अनेक रुग्ण तंबाखू चघळणारे होते. युवराजाची गाठ याच घराण्यातली असावी, असे नंतर अनेकांनी सुचवले आहे.

तंबाखू चघळण्याचा उल्लेख आला, की परळला परत यावेच लागते.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हा त्यात ८० खाटा होत्या. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने ते बांधले. त्यामागे दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई यांच्या १९३१ मधल्या रक्ताच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूची आठवण होती. भारतात कर्करोग फारसा होतच नाही, असे त्या काळी सुशिक्षित माणसेही म्हणत. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची धुरा आली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. जन्म १८९५, गोमंतकीय कुटुंब. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. मिळवून ते परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे परळच्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवत होते. म्हणजे के.ई.एम.च्या आवारातून शेजारच्या इमारतीत आलेला हा प्राध्यापक.

खानोलकरांनी काय केले ते साध्या शब्दांत सांगता येते. त्यांनी मोजले. तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकात छापला. इथे 'लागोपाठच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. निवडक, नवलाईचे रुग्ण नव्हेत. जो आला तो मोजला. विलायती पुस्तकांत तोंडाच्या कर्करोगाची जी चित्रे होती ती ओठाची आणि जिभेची. मुंबईत मात्र गालाचा आतला भाग आणि त्याच्या तळाची खाच भरून वाहत होती, म्हणजे नेमकी तीच जागा जिथे पान-तंबाखूची गोळी तासन्तास दडवून ठेवतात. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सूर्याबाई यांनी भारतातल्या तीन 'रिवाजी' कर्करोगांवर निबंध लिहिला. एक, धोतर किंवा साडी घट्ट बांधून कमरेवर होणारा. दुसरा, खैनी ओठामागे ठेवल्याने होणारा. आणि तिसरा, चुट्टा उलटा, पेटते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा. (उलटा ओढण्याची चाल आंध्रातच आहे असे नाही. गोव्यात काही बायका धुमटी अशीच ओढत.) १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा धूम्रपान आणि तंबाखू चघळणे यांवरचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला.

खानोलकर पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले, १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. १९७८ मध्ये ते वारले. पदांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. माझ्या मते त्यांचा मोठेपणा त्या हजारांच्या मोजणीत आहे, कारण नेहमीचे काय ते पक्के ठाऊक असल्याशिवाय दुर्मिळ काय ते ओळखताच येत नाही.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. तोंडाच्या दर दहा कर्करोगांतले नऊंहून अधिक एकाच जातीचे असतात: पट्टकी अभिस्तराच्या पेशींचे. दिवसभर तीच गुलाबी बेटे पाहणाऱ्या डोळ्याला एक सवय लागते, आणि उरलेल्या दहाव्या हिश्शात जी चाळीस-पन्नास निरनिराळी सोंगे दडलेली असतात, ती त्या गर्दीत सहज मिसळून जातात. गणेशोत्सवात लालबागच्या गर्दीत ओळखीचा माणूस समोरून गेला तरी दिसत नाही, तसेच काहीसे. म्हणून मोठ्या रुग्णालयातला अनुभव हे दुधारी हत्यार आहे.

फसवणूक दोन्ही दिशांनी होते. कर्करोग साधेपणाचे सोंग घेतो, हे युवराजाच्या गोष्टीत आले. उलट प्रकारही तितकाच धोक्याचा. डॅनिश दंतविकृतिशास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग यांनी १९५५ मध्ये जबड्यातल्या एका गाठीचे वर्णन केले. दात घडवणाऱ्या ऊतींपासून ती होते, बहुधा खालच्या दाढांच्या भागात, आणि पुष्कळदा न उगवलेल्या दाढेच्या सोबतीने. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी भयंकर दिसतात: केंद्रके लहान-मोठी, गडद, वेडीवाकडी. कर्करोगाची सगळी लक्षणे. पण गाठ सावकाश वाढते आणि दूरवर सहसा पसरत नाही. तेवढा भाग नीट काढला की काम भागते. नुसते केंद्रकांकडे पाहून 'कर्करोग' असे लिहिले, तर माणसाचा निम्मा जबडा आणि मानेच्या गाठी विनाकारण जाऊ शकतात. खूण असते पेशींच्या मधल्या जागेत: तिथे चुन्याची गोल-गोल वलये असतात आणि अ‍ॅमिलॉइडसारखा एक पदार्थ साचलेला असतो. तो काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिला, तर हिरव्या सफरचंदासारखा चमकतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी ध्रुवण शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

हेच पिंडबोर्ग १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहतांबरोबर काम करू लागले. भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांतल्या खेड्यांत त्यांच्या गटाने ५०,९१५ लोकांची तोंडे तपासली आणि निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. दुर्मिळ गाठीला ज्याचे नाव पडले त्याच माणसाने पन्नास हजार सामान्य तोंडे पाहावीत, हा योगायोग मला आवडतो.

टाळूचे आणखी एक सोंग सांगायलाच हवे. टाळूत लहान-लहान लाळग्रंथी असतात. तिथला रक्तपुरवठा काही कारणाने तुटला की त्या ग्रंथी मरतात, टाळूला खड्डा पडल्यासारखा व्रण होतो, आणि उरलेल्या नळ्यांच्या पेशी स्वतःचे रूप पालटून पट्टकी बनतात. व्रणही कर्करोगासारखा, काचपट्टीवरची बेटेही कर्करोगासारखी. १९७३ मध्ये एब्रॅम्स, मेलरोज आणि हॉवेल यांनी याचे वेगळे वर्णन केले, तोवर आणि त्यानंतरही काही रुग्णांचे टाळू कर्करोग समजून कापले गेले. प्रत्यक्षात हा व्रण सहा ते दहा आठवड्यांत आपोआप भरून येतो! काही करायचे नसते. पण 'काही करू नका' असे लिहायला विकृतिशास्त्रज्ञाला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना करून पाहा.

मानेतल्या गाठींचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे आहे. १८८२ मध्ये फोल्कमान या जर्मन सर्जनने मानेत खोलवर, गर्भातल्या कल्ल्यांसारख्या फटींच्या अवशेषांतून निघणाऱ्या कर्करोगाची कल्पना मांडली. मानेत पाण्याची गाठ आणि तिच्या भिंतीत कर्करोग दिसला, की सत्तर वर्षे हे नाव सोयीचे पडले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातल्या हेज मार्टिन यांना ते पटेना. त्यांनी १९५० मध्ये अट घातली: रुग्णाला पाच वर्षे तपासत राहा, आणि तोंडात, घशात कुठेही मूळ कर्करोग निघाला नाही तरच हे नाव द्या. अट लावताच जवळजवळ सारी उदाहरणे गळून पडली. मूळ कर्करोग टॉन्सिलच्या किंवा जिभेच्या मुळाच्या खाचेत लपलेला असे, कधी तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांतल्या पुष्कळांमागे मानवी पॅपिलोमा विषाणू असतो, हे या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. आपल्याकडे तंबाखूचा वाटा कितीतरी मोठा असल्याने या विषाणूचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते, इतकेच. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या मानेत पाण्याची गाठ आली तर ती उलट सिद्ध होईपर्यंत कर्करोगाची समजावी, असा आता डॉक्टरांचा शिरस्ता आहे. याच मार्टिन यांनी १९३० मध्ये एलिस या सहकाऱ्यासह सुई टोचून गाठीतल्या पेशी शोषून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. ड्रॉइंग मास्तरांच्या मानेत पहिल्याच आठवड्यात अशी सुई गेली असती, तर पाच महिने वाचले असते.

सर्वांत बिकट जागा नाकाच्या आतली. तिथून काढलेल्या तुकड्यात कधीकधी नुसत्या बारीक, गोल, निळ्या पेशी दिसतात. केंद्रकच केंद्रक, पेशीद्रव नावालाही नाही. गंध ओळखणाऱ्या मज्जापेशींची गाठ, जिचे वर्णन फ्रान्समध्ये १९२४ मध्ये प्रथम झाले, ती अशीच दिसते. लसिकापेशींचा लिम्फोमा असाच दिसतो. मुलांमधला स्नायूंचा सार्कोमा, युइंग सार्कोमा, रंगद्रव्य हरवलेला मेलॅनोमा, आणि अभिस्तराचा कोणतीही ओळख न उरलेला कर्करोग, हे सगळे असेच! चहाच्या टपरीवर ओळीने ठेवलेले काचेचे ग्लास जितके एकसारखे, तितक्याच या पेशी. आणि उपचार मात्र टोकाचे वेगळे. लिम्फोमाला औषधे आणि किरण पुरतात, चेहऱ्यावर सुरी लावायची गरज नसते. गंधपेशींच्या गाठीला कवटीच्या तळापर्यंत शस्त्रक्रिया लागते. निळ्या-गुलाबी रंगावर विसंबून इथे निदान करणे म्हणजे जवळपास छापा-काटा.

हा पेच सोडवायला आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक धावून आला. परळच्या संशोधन केंद्रात ते तंत्र रुजवण्याचे श्रेय डॉ. सत्यवती सिरसाट यांना जाते. १९२५ मध्ये कराचीत जन्मलेल्या सत्यवतीबाई १९४८ मध्ये खानोलकरांच्या प्रयोगशाळेत आल्या, आणि वैद्यकीय संशोधनासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. हजारो पट मोठ्या चित्रात दोन पेशींना जोडणारी बटणे दिसली तर पेशी अभिस्तराची. दाट गाभ्याचे सूक्ष्म कण दिसले तर मज्जेच्या कुळातली. स्नायूतंतूंची मांडणी दिसली तर स्नायूची. मात्र तुकडा जपून, वेगळ्या द्रावणात ठेवावा लागे आणि उत्तराला वेळ लागे. सत्यवतीबाईंची एक चूकही इथे नोंदवण्याजोगी आहे, कारण ती चांगल्या शास्त्रज्ञाची चूक आहे. तोंडाचे आवरण ताठ होऊन जबडा उघडेनासा होतो त्या विकाराचे मूळ मिरचीतल्या कॅप्सेसिनमध्ये असावे, असे त्यांना आणि खानोलकरांना वाटले. १९६० मध्ये त्यांनी उंदरांच्या टाळूला कॅप्सेसिन लावून केलेले प्रयोग छापले. पुढे पुरावा सुपारीकडे वळला आणि मिरची बरीचशी निर्दोष ठरली. गुटख्याची पुडी हातोहाती पोचल्यावर हा विकार विशीतल्या पोरांत किती फोफावला, हे शिक्षकांनी वर्गातच पाहिले आहे.

दुसरे साधन आले प्रतिपिंडांचे. ज्या १९४१ मध्ये परळचे रुग्णालय उघडले, त्याच वर्षी अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली. तिला १९८४ चे नोबेल मिळाले. पुढचे तत्त्व सोपे आहे. केराटिन हे प्रथिन अभिस्तराच्या पेशीत असते, डेस्मिन स्नायूच्या पेशीत, पांढऱ्या रक्तपेशींच्या आवरणावर त्यांचे स्वतःचे एक प्रथिन असते. मेणाच्या ठोकळ्यातून पाच-सहा नवे काप काढायचे, प्रत्येकावर एकेक प्रतिपिंड सोडायचा, आणि तो जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवायचा. निळ्या पेशींतली कोणती पट्टी तपकिरी झाली, यावरून कूळ कळते. सुरुवातीला वाटले, झाले, आता सोंगे संपली. संपली नाहीत. युइंग सार्कोमाची एक दुर्मिळ जात लाळग्रंथीत आणि नाकात केराटिनचा तपकिरी रंग भरपूर दाखवते आणि हुबेहूब कर्करोगाचे ढोंग करते. तिला पकडायला ११ आणि २२ या गुणसूत्रांची अदलाबदल शोधावी लागते.

गुणसूत्रांच्या अदलाबदलीतली सर्वांत क्रूर गाठ डोक्याच्या आणि छातीच्या मध्यरेषेवर, बहुधा किशोरांत आणि तरुणांत होते. १५ आणि १९ या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. त्यातून कोणते जनुक बिघडते ते २००३ मध्ये कळले. त्या जनुकाचे प्रथिन निरोगी शरीरात केवळ पुरुषाच्या वृषणात तयार होते, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले 'नट', आणि गाठीचे 'नट कार्सिनोमा'. नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नव्हते. पण साध्या पट्टकी कर्करोगाची भूमिका इतकी बेमालूम वठवणाऱ्या गाठीला याहून चपखल नाव सापडले नसते. नाकातल्या गाठीच्या केंद्रकांत हे वृषणाचे प्रथिन तपकिरी उमटले, की नट पकडला गेला. दुर्दैवाने पकडून अजून फारसा उपयोग होत नाही. निदानानंतर बहुतेक रुग्ण वर्षभरही काढत नाहीत. तरी तंबाखूला कधी न शिवलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला 'तोंडाचा नेहमीचा कर्करोग' म्हणून नेहमीचे उपचार देत राहण्यापेक्षा खरे काय ते कळणे बरे, असे मला वाटते. कळल्याशिवाय नवे औषध कुणावर तपासणार?

याच्या उलट, नाव बदलल्याने नशीब बदलल्याचेही उदाहरण आहे. पिल्झेन या झेक शहरातल्या अलेना स्कालोव्हा यांनी २०१० मध्ये लाळग्रंथीच्या १६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिसायला त्या स्तनाच्या एका दुर्मिळ कर्करोगासारख्या होत्या आणि १२ व १५ गुणसूत्रांची अदलाबदलही तीच. मग ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत जुनी कपाटे उघडली गेली. अ‍ॅसिनिक पेशींचा कर्करोग म्हणून वीस-वीस वर्षे ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यांतून नवे काप काढले, आणि त्यांतल्या कित्येकांचे नाव बदलावे लागले. २०१७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही गाठ आणि 'नट', दोन्ही स्वतंत्र नावांनी आल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत नेमक्या या जनुकबिघाडावर चालणारे लॅरोट्रेक्टिनिब हे औषध मान्य झाले. मग कपाटातल्या त्या नावाला औषधाच्या चिठ्ठीइतके वजन आले.

परळचे रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य खात्याकडे, १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले आणि १९६६ मध्ये संशोधन संस्थेशी जोडले गेले. समोरच्या रस्त्याला तिथलेच सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. त्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभा असलेला माणूस आपल्या डबीतल्या ठोकळ्याला फारशी किंमत देत नाही; त्याची सगळी काळजी कागदांची असते, ते ओले होतील, हरवतील म्हणून. कागदाची नक्कल निघते. तो मेणाचा तुकडा मात्र एकच असतो, आणि उन्हात ठेवला तर मऊ पडतो. कुणाच्या घरी तो असेल, तर त्याला फडताळात, सावलीत ठेवायला सांगावे. पुन्हा कधी, कुणी, कोणत्या नव्या प्रतिपिंडाने त्याला प्रश्न विचारील, ते आज ठरलेले नसते.